फेब्रुवारीच्या रानातले फोटो सॉफ्ट येतात? लेन्सला दोष देण्याआधी हे तपासा

पानगळीच्या रानात फिरून आलेल्यांची तक्रार दर वर्षी तीच असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान दिसत होते, घरी संगणकावर उघडले तर एकही धड शार्प नाही, सगळे सॉफ्ट म्हणजे पुसट. लगेच संशय जातो लेन्सवर आणि दुसऱ्या दिवशी नव्या लेन्सच्या किमती बघणं सुरू होतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा लेन्समध्ये काहीच बिघडलेलं नसतं.

फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीचं आपलं पानझडी रान कॅमेऱ्याला अवघड जातं, मग ते नागझिरा असो, ताडोबाचा बफर असो, कर्णाळा असो की सिंहगडाचं खोरं. पानं गळल्यामुळे पक्षी दिसतो खरा, पण त्याच्या पुढेमागे शेकडो काड्या असतात. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, त्यामुळे उजेड आणि सावलीत फार मोठी तफावत पडते. विदर्भात सकाळी १५ अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी ३० च्या पुढे जातो आणि हवा थरथरू लागते. शिवाय सागाच्या सुक्या पानावर पाय पडला की आवाज लांबवर जातो, प्राणी सरकतो, आणि मग दुरून काढलेला फोटो क्रॉप करावा, म्हणजे कडा कापून मोठा करावा लागतो. यातलं प्रत्येक कारण फोटो वेगळ्या तऱ्हेनं बिघडवतं आणि प्रत्येकाची खूण फोटोतच राहते. ती आधी वाचा, मगच उपाय करा.

लक्षणं: फोटो आधी नीट वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत नको, कार्डावरची मूळ फाइल उघडा आणि १०० टक्के मोठी करा. आधी डोळा बघा. मग पक्ष्याच्या पायाखालची फांदी, त्यानंतर पुढची-मागची काडी आणि शेवटी चौकटीचे चारही कोपरे.

- सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, उन्हात चमकणाऱ्या ठिपक्याची बारीक रेघ झाली आहे: हात हलला.
- फांदी शार्प, पण डोकं किंवा पंख पुसट: पक्षी हलला, शटरचा वेग (ते सेकंदाच्या किती भागापुरतं उघडतं) कमी पडला.
- पक्षी सॉफ्ट, मात्र पुढची काडी किंवा मागच्या खोडाची साल खणखणीत शार्प: फोकस भलत्या जागी बसला.
- कुठेच काही शार्प नाही, कडा नागमोडी किंवा दुहेरी, लागोपाठच्या फोटोंमध्ये पक्ष्याचा आकार किंचित बदलतो: तापलेली हवा.
- चौकटभर दुधाळपणा, काळा कोतवालही राखाडी: काच, फिल्टर, बाष्प किंवा समोरून येणारं ऊन.
- पिसांचे तपशील पुसलेले, सावलीत रंगीत दाणे: एक्स्पोजर (फोटोला मिळालेला उजेड) कमी पडलं आणि नंतर उजळवलं.
- पळसाच्या पाकळ्यांवर शिरा-वळ्या काहीच नाहीत, नुसता नारिंगी डाग: लाल रंग जळाला.
- फोकस दर वेळी ठरावीक अंतरानं पुढे किंवा मागे, अगदी न हलणाऱ्या दगडावरसुद्धा. किंवा चौकटीची एकच बाजू कायम सॉफ्ट: इथे मात्र खरोखर यंत्रावर संशय घ्या.

एका फोटोवरून निकाल देऊ नका. त्याच सकाळचे वेगवेगळ्या झाडांवरचे, वेगवेगळ्या अंतरांवरचे वीस-पंचवीस फोटो तपासा. सगळ्यांत एकच खूण सापडली तर कारण एक आहे. खुणा मिसळलेल्या असतील तर कारणंही दोन-तीन आहेत, आणि तेव्हा खालच्या क्रमानं एकेक काढत गेलेलं बरं. सुरुवात फुकटातल्या तपासण्यांपासून आहे.

१. काच, फिल्टर आणि हूड

लेन्सची पुढची काच तिरकी धरून टॉर्चच्या उजेडात बघा. धुळीचे दोन-चार कण फोटो बिघडवत नाहीत. बोटाचा तेलकट ठसा किंवा सफारीच्या रस्त्यावरच्या धुळीचा पातळ थर मात्र सगळा कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) खाऊन टाकतो. आधी रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी मायक्रोफायबर कापड. हा क्रम उलटा झाला तर कापडाखाली अडकलेली वाळू काचेवरचं कोटिंग ओरखडते. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब काचेवर बसतात.

यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून त्याच जागेवरून दोन फोटो घ्या. लांब पल्ल्याच्या लेन्सपुढे स्वस्त, जाड काचेचा फिल्टर बसवला की कडा सॉफ्ट होतात, कधी फोकसही डळमळतो. ४०० किंवा ६०० एमएमवर तो ठेवण्यासारखं सहसा काही कारण नसतं. काचेला धक्क्यापासून वाचवण्याचं काम हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) जास्त चांगलं करतं, शिवाय बाजूचं ऊन अडवतं. फेब्रुवारीत सकाळी साडेनऊपर्यंत सूर्य खाली असतो आणि डोक्यावर पानांचं छत नसतं, म्हणून या दिवसांत हूड कायम लावलेलं हवं.

बाष्पाची तक्रार कोकणात आणि घाटमाथ्यावर जास्त. एसी खोलीत रात्रभर गार झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की काच लगेच धुरकट होते. ती पुसत बसू नका, पुसाल तशी पुन्हा धरते. बॅग बंद ठेवूनच ती वीस ते तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या आणि मग उघडा. त्याहून सोपं म्हणजे बॅग रात्री एसी नसलेल्या जागी ठेवणं.

२. लेन्सवरची बटणं

रानात जाताना-येताना बॅगेत घासून बटणं सरकतात. एएफ-एमएफ (आपोआप फोकस की हातानं) बटण एमएफवर गेलं की सगळेच फोटो सॉफ्ट येतात, आणि घाईत ते लक्षात येत नाही.

त्याहून फसवा असतो फोकस लिमिटर, म्हणजे फोकस कोणत्या अंतरापुरता शोधायचा ते ठरवणारं बटण. टेली (लांब पल्ल्याच्या) लेन्सवर 'फुल' आणि 'अमुक मीटर ते अनंत' असे पर्याय असतात. लेन्सनुसार हा आकडा ३, ६ किंवा १० मीटर असू शकतो. लिमिटर १० मीटरवर असताना घाणेरीच्या झुडपात पाच मीटरवर शिंजीर आला तर लेन्स त्याच्यावर फोकस करूच शकत नाही. मोटर मागेपुढे फिरते आणि मागच्या खोडावर जाऊन थांबते. पायवाटेवर चालताना फुलवर ठेवा. मोकळ्या आकाशात सर्पगरुड घिरट्या घालत असेल तेव्हा मर्यादा लावा, कारण तिथे फोकसला शोधायचं अंतर कमी झालं की तो पटकन बसतो.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) हातात धरून काढताना चालू ठेवा. भक्कम ट्रायपॉडवर, डोकं घट्ट आवळलेलं असेल तर बंद करा. काही लेन्समध्ये यंत्रणा नसलेली थरथर भरून काढायला जाते आणि स्वतःच हालचाल निर्माण करते. उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर दुसरा मोड वापरा. पहिल्या मोडमध्ये यंत्रणा तुमचं मुद्दाम केलेलं फिरवणंही थोपवू पाहते. आणि एक लक्षात ठेवा: स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. 'फांदी शार्प, पक्षी पुसट' या खुणेवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

३. शटर स्पीड

सॉफ्ट फोटोंचं हे सगळ्यात मोठं कारण. फाइलच्या माहितीत शटरचा आकडा बघा. १/२५० किंवा त्याहून मंद दिसला तर पुढचं बरंचसं तपासायची गरजच राहत नाही.

जुना नियम असा की शटर निदान फोकल लेंग्थच्या (लेन्सच्या एमएमच्या) आकड्याइतकं हवं. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर, ४०० एमएमला दीडनं गुणा, ६०० होतात, म्हणजे १/६००. पण हा नियम फक्त हाताच्या थरथरीचा, आणि तोही कमी मेगापिक्सेलच्या काळातला. २४ मेगापिक्सेल किंवा त्याहून मोठ्या सेन्सरवर १०० टक्के मोठं करून बघायचं असेल तर त्याच्या दुप्पट धरा.

पक्ष्यांचा हिशोब वेगळा. ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला पिंगळा किंवा उभं राहून तुमच्याकडे बघणारं चितळ १/५०० वर मिळतं. सुभग, छोटा निखार यांच्यासारखे चिमुकले पक्षी बसल्या जागी डोकं झटकत राहतात, त्यांना १/१००० हवंच. नाचण आणि स्वर्गीय नर्तक एका जागी थांबतच नाहीत, त्यांना १/१६००. शेकरू फांदीवर खात असेल तर १/६४० पुरतं, झेप घेणार असेल तर १/१६०० ते १/२०००. उडते पक्षी १/२००० च्या पुढे, सावरीवर भांडणाऱ्या भोरड्यांना १/३२०० द्या.

'एवढा उजेड कुठून आणायचा' हा पुढचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक जण आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) वाढवायला घाबरतात. हिशोब करून बघा. एफ ६.३ ची झूम लेन्स आहे (एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). पूर्ण उन्हात आयएसओ ४०० ला शटर साधारण १/२५०० मिळतं, काही अडचण नाही. तोच पक्षी चार स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी उजेडाच्या सावलीत गेला की त्याच आयएसओला शटर १/१६० वर येतं. तिथे १/१२५० हवं असेल तर आयएसओ ३२०० लागतो. म्हणजे ३२०० हा अतिरेक नाही, त्या सावलीची ती गरज आहे. भीमाशंकरच्या सदाहरित गचपणात शेकरू शोधत असाल तर ६४०० ची तयारी ठेवा. दाणे सॉफ्टवेअरनं कमी करता येतात, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही.

सोपी मांडणी अशी: मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं किंवा एक तृतीयांश स्टॉप बंद, शटर तुम्ही ठरवायचं, आयएसओ ऑटोवर. ऑटोची वरची मर्यादा ६४०० ठेवा. कॅमेऱ्यानं कमाल आयएसओ १६०० वर अडकवून ठेवलेला असतो आणि मालकाला ते ठाऊक नसतं, असं फार वेळा आढळतं. मेनूत एकदा बघाच.

४. धरण्याची पद्धत आणि बीनबॅग

शटर पुरेसं असूनही ओढलेली रेघ दिसत असेल तर पकड तपासा. डावा तळवा लेन्सच्या खाली, कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षा पुढे, जिथे वजन तोललं जातं तिथे. कोपरं छातीला टेकलेली. बटण दाबताना श्वास अर्धा सोडून थांबवा आणि बोट झटक्यात न मारता दाबत न्या. तीन ते पाच फोटोंचा छोटा बर्स्ट घ्या. बोटाचा धक्का पहिल्या फोटोला बसतो, दुसरा-तिसरा बहुतेक वेळा जास्त शार्प असतो.

चालत्या वाटेवर ट्रायपॉडपेक्षा मोनोपॉड बरा. जिप्सीत दोन्हींपेक्षा बीनबॅग. जुन्या जीन्सचा पाय साधारण ३५ सेंटिमीटर कापून एक टोक दुहेरी शिवा, दुसऱ्या टोकाला चेन लावा. आत मूग किंवा तांदूळ, दोन ते अडीच किलो. पूर्ण ठासून भरू नका, दोन तृतीयांशच भरा. दाणे सरकायला जागा असेल तरच लेन्स त्यात रुतून बसते, नाहीतर ती वरून घसरते. प्रवासात रिकामी न्या आणि गेटजवळच्या गावात भरून घ्या.

जिप्सीत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. इंजिन चालू असेल तर चालकदादांना थांबवायला सांगा. सुरू इंजिनाची थरथर लोखंडी दांड्यावरून थेट लेन्समध्ये येते. आणि मागच्या बाकावरचा माणूस उठला-बसला तरी गाडी हलते. फोटो घेताना सगळ्यांनी स्थिर राहायचं, हे गाडी सुटण्याआधीच ठरवून घ्या.

५. फोकस कुठे बसतोय

पानगळीच्या रानाचा खरा पेच इथे आहे. पावसाळ्यानंतर हिरवं रान असतं तेव्हा पानांचा पडदा असतो, पण मध्ये एखादी मोकळी खिडकी सापडते. फेब्रुवारीत खिडकी अशी नसतेच, नुसतं काड्यांचं जाळं असतं. फोकस यंत्रणा कॉन्ट्रास्ट शोधते. उन्हात चमकणारी पांढरट काडी तिला राखाडी-तपकिरी पक्ष्यापेक्षा जास्त ठळक वाटते.

आकडाच घ्या. क्रॉप सेन्सर, ४०० एमएम, एफ ५.६, पक्षी आठ मीटरवर. शार्प दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम नऊ सेंटिमीटरचा. काडी पक्ष्याच्या एक वीत पुढे असली तरी तिच्यावर बसलेल्या फोकसमध्ये पक्षी सॉफ्टच येणार. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा शार्प आणि शेपटी सॉफ्ट हे अटळ आहे, तो दोष मानू नका.

म्हणून रुंद क्षेत्राचा ऑटो फोकस बंद करा. एकच बिंदू किंवा कॅमेऱ्यातला सगळ्यात लहान चौकोन निवडा आणि तो डोळ्यावर, ते जमत नसेल तर मानेवर ठेवा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखण्याची सोय असली तरी दाट काड्यांत ती चकते. त्यामुळे लहान चौकोन आणि डोळा-ओळख अशी दोन वेगळी बटणं लावून ठेवा. फोकस सतत चालणाऱ्या मोडवर असू द्या. शटर बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर दिला तर आणखी सोय होते: एकदा पक्ष्यावर बसला की बोट काढा, मग मध्ये काडी आली तरी फोकस पळत नाही.

फोकस मागच्या झाडावर गेला आणि परतच येत नसेल तर पक्ष्याला सोडून त्याच अंतरावरच्या एखाद्या जाड फांदीवर किंवा खोडावर फोकस घ्या आणि मग पक्ष्याकडे वळा. डोळ्यासमोर दिसत असलेला पक्षी कॅमेऱ्याला सापडत नाही, या तक्रारीवर हा रामबाण उपाय आहे. तरीही जमलं नाही तर एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. पाऊलभर सरकल्यानं काड्यांची मांडणी पूर्ण बदलते, आणि हे सेटिंग बदलण्यापेक्षा जास्त वेळा कामी येतं.

६. एक्स्पोजर, आकाश आणि पळस

निष्पर्ण सावरीच्या शेंड्यावर हरियालांचा थवा, मागे पांढरं आकाश. कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो आणि पक्षी काळा करतो. घरी तो उजळवला की सावलीतले दाणे वर येतात आणि पिसांचे तपशील जातात. मग तो फोटो सॉफ्ट वाटतो, फोकस अचूक असला तरी. अशा वेळी एक्स्पोजर +१ ते +२ करा. आकाश जळालं तर जळू द्या, पक्षी महत्त्वाचा. ऊन पाठीशी येईल अशा बाजूला जाणं त्याहून चांगलं.

पळस, पांगारा आणि सावरीच्या फुलांवर बरोबर उलटं करावं लागतं. शिंजीर, भोरड्या, कोतवाल, वानरं सगळी फुलांशी येतात, म्हणून फोटोही तिथेच जास्त निघतात. पळसाचा नारिंगी-लाल इतका दाट असतो की साधा उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसत असतानाच लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला आपटलेला असतो. तीन रंगांचा वेगळा आलेख चालू करा आणि तोच बघा. बहुतेक उन्हात −०.७ पुरतं. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवा, जेपेगमध्ये गेलेल्या पाकळीच्या शिरा परत येत नाहीत.

फुललेल्या सावरीखाली उभं राहण्याआधी वर बघा. आग्या मोहोळ असेल तर लांबूनच परत फिरा. अंगाला अत्तर नको, आवाज नको.

७. तापलेली हवा

कडा नागमोडी दिसत असतील तर उपकरण बदलून काहीही फरक पडत नाही. सकाळी दहाच्या पुढे डांबरी रस्ता, कातळ, सुकं गवत यांच्यावरून हवा थरथरत वर चढते. ६०० एमएमनं त्या थरांतून साठ-सत्तर मीटरवरचा गवा काढला तर प्रत्येक फोटोत त्याच्या शिंगांची कड वेगळी येते. ओळखायची पद्धत सोपी आहे: व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून बघा. कडा उकळल्यासारख्या हलताना दिसल्या तर हवा. तेव्हा दूरचे फोटो थांबवा, वीस मीटरच्या आतलं काय मिळतंय ते बघा किंवा सावलीतल्या नाल्याकडे वळा.

हीच थरथर पहाटेही होऊ शकते आणि तेव्हा ती कोणाच्या ध्यानात येत नाही. उबदार गाडीतून काढलेली लेन्स गार हवेत येते, तिच्या हूडमध्येच गरम-गार हवा मिसळते आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं चित्र डळमळतं. बंद गाडीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढतानाही तेच. लेन्स आधीच बाहेर काढून ठेवा. विदर्भात सूर्य पुणे-मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास लवकर उगवतो, तेवढं लवकर निघा. चांगल्या हवेचे तास सूर्योदयापासून मोजायचे असतात.

८. अंतर

२४ मेगापिक्सेलच्या चौकटीची रुंदी ६००० पिक्सेल. पक्ष्यानं तिचा दहावा भाग व्यापला असेल तर पक्ष्याच्या वाट्याला आले ६०० पिक्सेल. त्यात पिसांच्या कडा मावत नाहीत, लेन्स कितीही महाग असली तरी. पक्ष्यानं निदान एक तृतीयांश रुंदी व्यापेपर्यंत तपशिलाची अपेक्षा करू नका.

जवळ जायचं म्हणजे पाठलाग करायचा नाही. सुक्या पाचोळ्यावर तो जमतही नाही. वापरातली पायवाट सोडू नका, तिथे पानं चुरलेली असतात आणि आवाज कमी होतो. फुललेलं झाड किंवा फळांचा उंबर हेरा, सूर्य पाठीशी घ्या आणि बसून राहा. अर्ध्या तासात पक्षी सरावतात. पाणी आटायला लागलेलं असतं, त्यामुळे पाणवठ्यावर गर्दी होते. पण पाण्याच्या काठाशी किंवा पाण्याकडे येणाऱ्या वाटेवर बसू नका, तहानलेलं जनावर परत जातं. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरायचं नाही, आणि पायी फिरायला परवानगी असलेल्या वाटेवरही गाइड म्हणेल तिथेच थांबायचं.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. या दिवसांत हद्दी ठरत असतात, जोड्या जमत असतात. खोटा प्रतिस्पर्धी हुसकावण्यात पक्ष्याची ताकद जाते. घरट्याजवळ तर थांबूच नये. कोकणात याच सुमारास धनेशाच्या माद्या ढोलीत स्वतःला कोंडून घ्यायला लागतात आणि पुढे सगळं खाणं नर आणतो. तुम्ही झाडाखाली उभे असाल तर तो येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची घरटी आणि अंडी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं. पक्षी इशाऱ्याचा आवाज काढू लागला, खाणं थांबवून तुमच्याकडेच बघत राहिला, की मागे सरका. तो फोटो सोडून द्यायचा.

९. घरची चाचणी: दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा

वरचं सगळं करूनही न हलणाऱ्या दगडावर फोटो सॉफ्ट येत असेल तरच इथवर या. वर्तमानपत्राचं पान सपाट भिंतीवर चारही कोपऱ्यांनी चिकटवा. ते उजेडात असावं, थेट उन्हात नसावं. ४०० एमएमला दहा ते पंधरा मीटर अंतर घ्या. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, शटर १/१००० किंवा वेगवान, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं.

डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि पाच लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर बघून) घ्या. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा बसवा. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सॉफ्ट आले तर लेन्स चांगली आहे, फक्त तिचं आणि कॅमेऱ्याचं जुळत नाही. मेनूत एएफ फाइन ट्यून किंवा मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट असेल तर पाच-पाच अंकांनी बदलत पुन्हा चाचणी घ्या. कमी किमतीच्या अनेक डीएसएलआरमध्ये ही सोय नसते. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे ही तक्रार सहसा उद्भवत नाही.

दोन्हीकडून सॉफ्ट आले तर एफ ८ वर पुन्हा घ्या. बऱ्याच १५०-६०० झूम लेन्स ६०० च्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर थोड्या सॉफ्टच असतात. एफ ८ ला फरक पडला तर तो दोष नाही, लेन्सची मर्यादा आहे. आता चारही कोपरे बघा. एकच कोपरा किंवा एकच बाजू सतत सॉफ्ट येत असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा करून पुन्हा घ्या. सॉफ्ट बाजू चौकटीच्या त्याच बाजूला राहिली तर दोष लेन्समध्ये किंवा माउंटमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या जोडात) आहे. ती कागदाबरोबर फिरली तर कॅमेरा भिंतीशी काटकोनात नव्हता.

इथे थांबा, दुरुस्ती केंद्राकडे जा

लेन्स पडल्यानंतर एक बाजू सॉफ्ट येऊ लागली. फोकस फिरताना खरखर किंवा कर्कश आवाज येतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसतं किंवा ती अडकतात. माउंट हलतो. फाइन ट्यून टोकाच्या आकड्यावर नेऊनही फोकस जुळत नाही. यातलं काहीही घरी उघडून बघायचं नाही. आतल्या काचांचं केंद्र मिलिमीटरच्या अंशांत जुळवलेलं असतं आणि ते परत जुळवायला बाकावरची यंत्रं लागतात.

बुरशी ओळखायला टॉर्च लेन्सच्या मागून पुढे मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर वेळ घालवू नका. सुरुवातीची बुरशी साफ होते, जुनी झाली की ती कोटिंगच खाते आणि मग काच बदलावी लागते. पावसाळ्यात धरलेली बुरशी हिवाळ्याअखेरच ध्यानात येते, म्हणून ही तपासणी दर फेब्रुवारीत करा. लेन्स उन्हात तापवू नका, आत स्पिरिट सोडू नका, बाहेरून कुठलंही वंगण फवारू नका. पुढे ती ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या डब्यात किंवा कपाटात ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या किंवा बदला. सेन्सरवरचे डाग रबरी ब्लोअरनं गेले तर ठीक, नाही गेले तर तेही केंद्रातच. दाबलेल्या हवेचा डबा सेन्सरवर कधी वापरू नका.

देताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही द्या, जुळवणी दोघांची मिळूनच होते. घरच्या चाचणीच्या मूळ फाइल पेनड्राइव्हवर घाला आणि अंतर, अ‍ॅपर्चर, सॉफ्ट बाजू कोणती, हे कागदावर लिहून द्या. 'फोटो नीट येत नाहीत' एवढंच सांगितलं तर नुसती सफाई होऊन लेन्स परत येते. सिरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, खर्चाचा अंदाज आधी मागा, आणि तो तशाच जुन्या लेन्सच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्तीला हो म्हणण्याआधी विचार करा. लेन्स परत आल्यावर तेच वर्तमानपत्र, तेच अंतर, तेच अ‍ॅपर्चर ठेवून चाचणी पुन्हा घ्या. दुरुस्तीची हमी संपायच्या आत ती झाली पाहिजे.